पाठकोऱ्या कागदांवरचं मेहरूण

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात नर्मदाबाई सुरवाडेंनी घरातले सगळे चमचे आणि वाट्या वीस मिनिटं उकळून काढल्या, आणि त्यांच्या सुनेनं, मंदानं, ठरवलं की आता काहीतरी केलं पाहिजे.

तसं मंदाचं सासूशी वाकडं नव्हतं. नर्मदाबाई चौतीस वर्षं सरकारी नर्स होत्या, त्यातली शेवटची एकोणीस पहूरच्या दवाखान्यात. एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात त्या निवृत्त होऊन जळगावला मुलाकडे राहायला आल्या. बाई आल्या, पण पाठोपाठ दवाखानाही आला. पहाटे पाचला उठून त्यांनी गल्लीचा राउंड घ्यायला सुरुवात केली. दूधवाल्याची नखं तपासली. शेजारच्या नव्या सुनेला अंगणात अडवून पाळीची तारीख विचारली, तीही तिच्या सासऱ्यासमोर. मुलगा आधार टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. त्याचे तीन मित्र घरी आले, तर बाईंनी चहाचा ट्रे पुढे करत विचारलं, "काय रे, तुमची ऑपरेशनं झाली का?" तिघांनाही दोन-दोन मुलं होती आणि ऑपरेशन म्हणजे कोणतं हे तिघांनाही बरोबर कळलं. त्यानंतर ते चहाला आले नाहीत.

शेवटी बाईंनी स्वतःचंच बीपी मोजलं. एकशे सत्तर निघालं. मंदाला निमित्त मिळालं.

"आई, सकाळी जरा मोकळ्या हवेत जात जा. मेहरूणच्या तलावावर किती लोक येतात. नुसतं बसायचं, पाणी बघायचं."

"पाणी बघून काय होतं?"

"काही होत नाही. तेच तर हवंय."

आधार पेपरामागून म्हणाला, "आई, ध्यान कर. तथागतांनी सांगितलंच आहे."

"तथागतांकडे पहूरच्या दवाखान्याचा चार्ज नव्हता," नर्मदाबाई म्हणाल्या. "अकरा वाड्या आणि एक सायकल देऊन पाठवायला हवं होतं. मग बघितलं असतं ध्यान."

पण गेल्या.

मेहरूणच्या तलावावर नुसतं बसणं सोपं नव्हतं, कारण तिथल्या शांततेचा बंदोबस्त रतिलालभाऊंकडे होता. रतिलालभाऊ निवृत्त नायब तहसीलदार. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, काखेत हजेरीची वही. त्यांनी तलावाकाठी 'प्रभात आरोग्य मंडळ' काढलं होतं आणि वीस-बावीस म्हातारे त्यात भरती केले होते. सव्वासहाला पहिली शिट्टी, भरभर चालणे. पावणेसातला दुसरी, प्राणायाम. सातला शवासन, शवासनात जो हलेल त्याचं नाव वहीत. सात वाजून दहा मिनिटांनी 'मुक्त आनंद', तो सात मिनिटं. एकदा सुपडूनाना नावाचे एसटीचे निवृत्त कंडक्टर मुक्त आनंद संपल्यावरही हसत राहिले, म्हणून त्यांना समज देण्यात आली होती.

पहिल्या दिवशी नर्मदाबाईंना तिथं फार बरं वाटलं. अगदी ड्यूटीवर आल्यासारखं. चौथ्या दिवशी मात्र घोटाळा झाला. शवासनात सगळे निपचित पडलेले, आणि बाईंना काही पडवेना. त्यांनी हळूच हात लांब करून शेजारच्या सुपडूनानांची नाडी धरली. नाना गाढ झोपले होते. मनगटावर गार बोटं लागताच त्यांना वाटलं, आला बोलावणारा. ते "थांबा! थांबा! उतरायचंय!" असं ओरडत उठले आणि सगळं मंडळ ताडकन उठून बसलं.

रतिलालभाऊंनी शिट्टी मारली. "सिस्टर, आपण उद्यापासून जरा बाजूला बसत चला."

बाजूला म्हणजे बोरीच्या झाडाखाली. तिथं भिकुबाई टोपली घेऊन बसायची. मेहरूणची बोरं यायला अजून महिना होता, तोवर ती पेरू आणि सीताफळं विकायची. भिकुबाई धुळ्याकडची आणि नर्मदाबाईंचं माहेर नरडाण्याजवळचं, त्यामुळे दोघींची बोली एक होती. भिकुबाईची एक शेळी होती, ती खुंट्याला बांधलेली असायची आणि कुणाकडेही त्यानं आपला अपमान केल्यासारखं बघायची.

दोन दिवस बाईंनी पाणी बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या घरून कागद आणि शिसपेन्सिल घेऊन आल्या.

कागदांचीही एक गोष्ट होती. दवाखान्याच्या माळ्यावर कुटुंब नियोजनाची पोस्टरं पडून होती. त्यांवर आई, बाप आणि मुलं हसत उभी. मुलं किती पुरेत याबद्दल सरकारचं मत मध्येच बदललं आणि ती पोस्टरं बाद झाली. रद्दीत जाणार, तेवढ्यात बाईंनी गठ्ठा ट्रंकेत टाकला होता. कागद जाड, आणि मागची बाजू कोरीकरकरीत. एका पोस्टरचे चार तुकडे केले की चार पाठकोरे कागद.

चित्रकलेचं म्हणाल, तर बाईंना जन्मात एकच चित्र येत होतं, गर्भाशयाचं. वाडीवर गेल्यावर बायकांना समजावायला त्या खडूनं जमिनीवर ते काढायच्या, आत डोकं खाली असलेलं मूल. हजार वेळा तरी काढलं असेल. हात इतका बसला होता, की आता दुसरं काही काढायला गेलं तरी तेच उतरायचं. बोरीचं झाड काढलं, गर्भाशय झालं. पाण्यातली म्हैस काढली, जुळ्यांचं पोट झालं. भिकुबाईनं वाकून बघितलं.

"हाई काय शे, माय?"

"म्हैस."

"माले ते पोटुशी बाई दिखी राह्यनी."

 बाईंना घाई होती. पंधरा मिनिटांत त्यांनी आठ कागद भरले, शिबिराचं टार्गेट असल्यासारखे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातली, केसपेपरवर घालतात तशी. ती सवय काही सुटणारी नव्हती.

भिकुबाईनं पेरू पुसता पुसता विचारलं, "तुना मागं कोन्ही लागेल शे का?"

"का गं?"

"मंग इतली पयस कसाले? मनी शेळी काढ. पन शेळी काढजो. पोट नको."

शेळी काढणं म्हणजे काय असतं हे नर्मदाबाईंना त्या दिवशी कळलं. पहिली शेळी काढून कागद खाली ठेवला, तर खऱ्या शेळीनं तो कुटुंब नियोजनासकट खाऊन टाकला. दुसरी काढताना तिनं तोंड फिरवलं. तिसऱ्या वेळी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शेळीकडे नुसतं बघितलं. तिचा खालचा जबडा वर-खाली हलत नव्हता, आडवा हलत होता. कानाचं टोक मुडपलेलं. डोळ्यातलं बुबुळ गोल नव्हतं, दाराच्या फटीसारखं आडवं होतं. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं, आणि आईच्या घरी तर चार शेळ्या होत्या. त्या बघत राहिल्या, मग थोडं काढलं, परत बघितलं. मान वर केली तेव्हा मंडळाचे लोक कधीच निघून गेले होते, ऊन पाठीवर आलं होतं आणि भिकुबाईची अर्धी टोपली विकली गेली होती.

चित्रात पोट जरा जास्तच सुटलं होतं. पण शेळी होती.

भिकुबाईनं ते बराच वेळ न्याहाळलं. मग शेळीला दाखवलं. मग कनवटीला खोचलं.

त्या दिवशी बाई घरी दहाला पोचल्या आणि त्यांनी कुणाची नखं तपासली नाहीत. मंदानं आधारला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं, "काहीतरी लागू पडलंय. विचारू नका काय ते."

डिसेंबर असाच गेला. बाई रोज बोरीखाली बसायच्या, आणि हळूहळू गर्भाशय मागे पडत गेलं. बगळा बगळ्यासारखा यायला लागला. माणसं जमेनात, कारण माणसं हलतात. अपवाद एकच होता, रतिलालभाऊ. तेही हलायचे, पण वेळापत्रकाप्रमाणे हलायचे. रोज सहा वीसला ते त्याच पिंपळापासून निघायचे, त्याच बाकाला वळसा घालायचे, त्याच दगडावर उभं राहून शिट्टी मारायचे. चित्र अर्धं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी तोच माणूस पुढे काढता यायचा. असा नमुना सरकारी खर्चानंही मिळाला नसता. महिन्याभरात त्यांची सव्वीस चित्रं झाली. चालताना, शिट्टी फुंकताना, वही लिहिताना, आणि एकदा बाकावर बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून पेंगताना. हे शेवटचं सगळ्यांत चांगलं जमलं होतं.

जानेवारीत एका सकाळी वारा सुटला. बाईंच्या मांडीवरचे कागद उडाले आणि बरोबर मुक्त आनंदात जाऊन पडले. सुपडूनानांनी एक उचलला. तो नेमका पेंगण्याचा होता.

नाना हसले. त्यांनी तो शेजारच्याला दिला, शेजारचा हसला. कागद हातोहात पुढे जाऊ लागला आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच मुक्त आनंद खरोखर मुक्त झाला. एक जण गवतावर लोळला. कुणीतरी कागद उलटा केला. मागे पोस्टरमधल्या बापाच्या मिशा होत्या आणि खाली मोठ्या अक्षरांत अर्धं वाक्य, 'आता पुरे!' त्यावर पुन्हा हशा उसळला. सात मिनिटं उलटून गेली तरी थांबेना.

रतिलालभाऊंनी शिट्टी मारली. मग आणखी दोनदा मारली. मग त्यांनी कागद हातात घेतला, बघितला, आणि त्यांचा चेहरा काही बदलला नाही. नुसते कान लाल झाले.

ते ताडताड बोरीकडे आले, मागोमाग मंडळ.

"सिस्टर, हा काय प्रकार आहे?"

"चित्र आहे, रतिलालभाऊ."

"कुणाच्या परवानगीनं?"

"शेळीचं काढलं तेव्हाही परवानगी नव्हती घेतली," नर्मदाबाई म्हणाल्या. मागून सुपडूनाना खोकल्यासारखं काहीतरी करून गेले.

"मी या जिल्ह्यात एकतीस वर्षं महसूल खात्यात काढली आहेत. माझी अशी विटंबना... माझी जेवढी चित्रं असतील तेवढी आत्ताच्या आत्ता माझ्या ताब्यात द्या. आणि लेखी माफी. मंडळाच्या नावे."

नर्मदाबाईंना भांडता आलं असतं. एका तालुका सभापतीला त्यांनी प्रसूतिगृहातून दंडाला धरून बाहेर काढलं होतं. पण माणूस दुखावला होता हे खरं. पेंगणाऱ्याचं तोंड काढताना त्यांनी खालचा ओठ जरा मन लावून काढला होता, हेही खरं. त्या म्हणाल्या, "देते."

पिशवीतून गठ्ठा काढून त्या सिमेंटच्या कट्ट्यावर कागद लावू लागल्या. हाताला सवय होती, म्हणून तारखेप्रमाणे लावले. पाच डिसेंबर, सहा डिसेंबर, नऊ. चालतानाचे एका रांगेत, शिट्टीचे दुसऱ्या. दहा-बारा कागद लागल्यावर त्यांचा हात मंदावला.

चालतानाच्या प्रत्येक चित्रात रतिलालभाऊंचा डावा हात मागे-पुढे झालेला होता. उजवा पोटाशी. वाकलेला, कोपरात धरून ठेवल्यासारखा. एका चित्रात नाही, सगळ्यांत. आपल्याला उजवा हात काढता येत नाही असंच त्या महिनाभर समजत होत्या आणि स्वतःवर चिडत होत्या. त्यांनी मान वर केली. समोर रतिलालभाऊ संतापून उभे होते. डावा हात हवेत नाचत होता. उजवा तिथंच, पोटाशी. आणि इतका संताप होऊनही चेहऱ्यावर संताप नव्हता. चेहरा पाटीसारखा सपाट, डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

 नर्मदाबाईंना गुंताबाई आठवली. सत्त्याहत्तर साली, पहूरला येऊन पाच वर्षं झाली होती. तपासणीला साठ बायकांची रांग, आणि त्या रांगेत गुंताबाई. सातवा महिना. बाईंनी वजन घेतलं, गोळ्या दिल्या, पुढची म्हटलं. तोंडावरची सूज दिसलीच नाही, कारण तोंडाकडे बघायला वेळच नव्हता. दहा दिवसांनी तिला झटके आले. ती वाचली, मूल गेलं. कुणी बोल लावला नाही. साठ बायका होत्या, कुणालाही दिसलं नसतं, असं डॉक्टरही म्हणाले होते. नर्मदाबाईंना ते कधी पटलं नव्हतं.

त्यांनी कागद गोळा केले.

"रतिलालभाऊ, माफीनामा असा रस्त्यावर नाही लिहीत. संध्याकाळी तुमच्या घरी येते. चित्रंही तिथंच देते."

"पाच वाजता," रतिलालभाऊ म्हणाले. "पाच म्हणजे पाच."

त्या पावणेपाचला पोचल्या. दार रतिलालभाऊंच्या बायकोनं, कलाबाईंनी उघडलं. बारीक चणीची, हसरी बाई. तिनं चहा आणला. चहा कोणत्या भांड्यात येतो हे नर्मदाबाईंनी जुन्या सवयीनं पाहिलं. घरच्यांसारख्याच कपबशीत होता. ठीक.

"ताई, तुम्हीच का त्या चित्रं काढणाऱ्या?" कलाबाईंनी हळूच विचारलं. "हे सकाळपासून जेवले नाहीत. मला दाखवा ना ते झोपेतलं."

"दाखवते. आधी मला सांगा, यांना वास येतो का?"

कलाबाई चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं? गेल्या वर्षापासून फोडणी करपली तरी पत्ता नसतो. मी म्हटलं, बरंच झालं."

"शर्टाची बटणं?"

"मीच लावते. उजवा खांदा आखडलाय म्हणे. रोज तेल चोळते, पण..." त्या थांबल्या. "का हो, ताई?"

तेवढ्यात रतिलालभाऊ आतून आले. काखेत हजेरीची वही होती, माफीनामा त्यातच चिकटवायचा होता. नर्मदाबाईंनी हात पुढे केला. "जरा बघू." आणि त्यांना काही कळायच्या आत वही घेऊन उघडलीसुद्धा. मागच्या जानेवारीतलं अक्षर टपोरं, ठसठशीत, तहसीलदाराच्या शेऱ्यासारखं. जूनमध्ये ते बारीक झालं होतं. या महिन्यातली नावं मुंग्यांच्या रांगेसारखी होती, ओळीच्या शेवटाला तर वाचताही येत नव्हती.

"सिस्टर, माफी लिहिताय ना?"

"लिहिते. आधी दारापासून तुळशीपर्यंत चालून दाखवा."

"काय?"

"चाला म्हटलं. आणि मग अंगठा आणि बोट असं टकटक आपटून दाखवा. आधी डाव्या हाताचं."

रतिलालभाऊंनी वही ओढून परत घेतली. आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर, बदनामीची आरोपी आपल्यालाच चालून दाखवा म्हणते! "मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "वीस म्हाताऱ्यांना मी चालवतो. तुम्ही मला चालायला शिकवणार?"

"तुमचा उजवा हात हालत नाही, भाऊ."

"वात आहे."

"हे वाताचं नाही."

"आपण डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणून तर डॉक्टरकडे चला म्हणते."

"बाहेर व्हा," रतिलालभाऊ म्हणाले. आवाज मोठा काढायचा होता, पण तो जेमतेम कलाबाईंपर्यंत पोचला.

नर्मदाबाई उठल्या. चहा संपवला, कारण चांगला झाला होता. चित्रांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला, तारखेच्या क्रमानं, आणि निघाल्या. घरी जाऊन त्यांनी गल्लीतल्या तिघांचं बीपी मोजलं आणि मंदावर ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली नाही. मंडळाचे लोक पिंपळाखाली घुटमळले. भरभर चालायचं की हळूहळू, हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी सुपडूनाना शवासन करून टाकू म्हणाले आणि सगळे सव्वासहालाच झोपले.

साडेसातला कलाबाई एकट्याच बोरीखाली आल्या. डोळे सुजलेले.

"रात्री मी सगळी चित्रं यांच्यासमोर मांडली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हात बघा. तर म्हणतात, त्या बाईला हात काढता येत नाही. मग मी म्हटलं, डावा कसा आला मग? आज दहाला डॉक्टरकडे जायला तयार झालेत. पण तुम्ही याल ना, ताई?"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रतिलालभाऊंना चालवलं, बोटं आपटायला लावली, मनगट धरून हळूहळू फिरवलं. मग चित्रं मागितली. एकेक बघत गेले. पेंगण्याच्या चित्राशी जरा जास्तच थांबले, ओठ आवळून. मग कागद उलटून विचारलं, "हे कुटुंब नियोजनाचं काय?"

"त्याच्याशी संबंध नाही," रतिलालभाऊ घाईनं म्हणाले.

कंपवात निघाला. "पण माझा हात थरथरत नाही," रतिलालभाऊ पुन्हा पुन्हा सांगत राहिले. डॉक्टर म्हणाले, काहींचा थरथरतो, काहींचा आधी नुसता आखडतो. हा बरा होणारा आजार नाही. पण गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात, आणि लवकर आलात हे उत्तम केलंत. व्यायाम चालू ठेवा. हात मोठा हलवा, पाऊल मोठं टाका, अक्षर मोठं काढा. आणि घाई करू नका.

परतताना तिघं एका रिक्षात बसली. टॉवरपाशी रतिलालभाऊ एकदम म्हणाले, "माफीनामा अजून दिला नाहीत."

"तुमचाही यायचाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "घराबाहेर काढल्याचा."

कलाबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या की रडल्या, ते दोघांनाही दिसलं नाही.

रतिलालभाऊ तीन आठवडे तलावावर फिरकले नाहीत. सुपडूनाना रोज त्यांच्या घरी जाऊन मंडळाच्या बातम्या देत होते, आणि सगळ्या वाईट होत्या. चालण्याऐवजी लोक पोहे खात होते. हजेरीच नव्हती, त्यामुळे येणारे वाढले होते. फेब्रुवारीत एका सकाळी आठ वाजता, उन्हं चांगली वर आल्यावर, रतिलालभाऊ आले. शर्ट पांढराच, पण बाहेर सोडलेला. पावलं मोठाली टाकत, मोजत. येऊन बोरीखाली कट्ट्यावर बसले. हातात नवीकोरी चित्रकलेची वही, मोठ्या आकाराची.

"डॉक्टरांनी मोठं काढा म्हटलंय," ते समोर पाण्याकडे बघत म्हणाले. "घरी 'श्री' काढून काढून कंटाळलो."

"मग बगळा काढा. तो बघा."

त्यांनी बगळा काढला. दोनचा आकडा झाला. पुन्हा काढला, पुन्हा दोनचाच आकडा. भिकुबाईनं बोरांवरून मान उंचावून बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, बावीस शेतस का?"

रतिलालभाऊंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. चेहरा सपाटच. मग त्या सपाट चेहऱ्यातून, कुठून कोण जाणे, खिक् असा आवाज आला. नर्मदाबाईंनी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

गोळ्यांनी उजवा हात थोडा सैल झाला होता. रोज ते आठला येत, तासभर एक रेघ ओढत, खोडत, चिडत. त्यांची चित्रं भयंकर होती. म्हैस काढली तर तिला सातबाऱ्याच्या चौकटीत बसवल्यासारखी चौकोनी. नर्मदाबाई स्पष्ट सांगायच्या, आणि ते स्पष्ट रागवायचे. एक दिवस सुगरणीचं गेल्या पावसाळ्यातलं रिकामं घरटं दोघांनी मिळून दीड तास बघितलं आणि एकही रेघ न ओढता घरी गेले.

मार्चच्या सुरुवातीला, बोरं संपत आली असताना, रतिलालभाऊ म्हणाले, "सिस्टर, आज तुमचं काढतो. सव्वीस वेळा तुम्ही मला काढलंत."

"काढा."

"पण हलायचं नाही."

नर्मदाबाई बाजूला तोंड करून बसल्या. नाकावर माशी बसली. "हलू नका," रतिलालभाऊ म्हणाले. पायाला मुंग्या आल्या. "हलू नका." सुपडूनाना पोहे घेऊन आले, त्या पोह्यांचा वास आला, नाना उभे राहून चित्र बघून गेले आणि जाताना काहीच बोलले नाहीत, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. भिकुबाईनं शेळी सोडली, टोपली पालथी केली.

"झालं का हो?"

"होतंय."

"बघू तरी."

त्यांनी वही फिरवली. आख्ख्या पानावर एक कान होता. फक्त कान. मोठा, सुपाएवढा, पण आतली प्रत्येक वळी नीट बसलेली, पाळीचं जुनं छिद्र आणि त्यातली सोन्याची बारीक रिंगसुद्धा. रेघ कुठेही बारीक झालेली नव्हती.

"आख्खी सकाळ गेली," नर्मदाबाई म्हणाल्या, "आणि एक कान?"

"उद्या गाल घेतो. परवा जमलं तर नाक."

"उद्या मला कामं आहेत."

"कसली?"

नर्मदाबाईंनी आठवून बघितलं. मग पदर झटकून उठल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी रतिलालभाऊ आठला आले, तेव्हा त्या कट्ट्यावर आधीच येऊन बसल्या होत्या. कालच्याच जागी, कालच्याच अंगानं, गाल उन्हाकडे करून.